वर्गात काय म्हणावे: 'पौगंडावस्था', 'किशोरावस्था' की 'वयात येणे'?

डिचोली तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की सहावी-सातवीच्या मुलामुलींशी शरीरातील बदलांविषयी मराठीतून बोलताना 'पौगंडावस्था', 'किशोरावस्था' आणि 'वयात येणे' यांपैकी कोणता शब्द वापरावा, आणि 'वयात आला' असे मुलग्याविषयी म्हटलेले चालते का. गोव्यात पाचवीपासून बहुतेक शाळांचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे ही मुले विज्ञानाच्या तासाला 'प्युबर्टी' ऐकतात आणि घरी कोकणीतून 'चली व्हड जाली' (मुलगी मोठी झाली) असे कानावर पडते. मराठीच्या तासाला मात्र हा विषयच निघत नाही, तेव्हा बाईंची अडचण खरी आहे.

'पौगंड' या शब्दाचा अर्थ मराठीत येताना पुढे सरकला आहे. भागवताच्या टीकापरंपरेत वयाची जी वाटणी दिली जाते, तीत पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड आणि त्यानंतर कैशोर असा क्रम आहे. दशम स्कंधात बलराम-कृष्ण गाई राखू लागतात ते पौगंड वयात आल्यावर, म्हणजे आजच्या हिशेबाने प्राथमिक शाळेतच. मराठीने हा शब्द पुढच्या टप्प्याला लावला आणि तो तिथे रूढ झाला, त्यामुळे आज त्याला चूक म्हणता येणार नाही. तरीही अकरा वर्षांच्या मुलाला तो जड जातो, शिवाय 'पौगंड विनोद', 'पौगंड कविता' अशा प्रयोगांमुळे त्याला हिणवण्याची छटा आली आहे. त्यामानाने 'किशोर' निर्मळ राहिला. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षे हा जो कालखंड धरते, त्यालाच 2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने 'किशोर' म्हटले आहे. जुन्या वाटणीत जिथे पौगंड संपते, जवळजवळ तिथूनच हा काळ सुरू होतो.

परंतु हे दोन्ही शब्द कालखंडाचे आहेत. त्या काळात शरीरात जे घडते त्याला 'वयात येणे' हाच नेमका शब्दप्रयोग आहे आणि वर्गासाठी मी तोच निवडीन. यातले 'वय' म्हणजे वर्षांची मोजदाद नव्हे; संस्कृत 'वयस्'ला तारुण्य, जोम असाही अर्थ आहे. म्हणूनच कोणते वय ते न सांगताही 'वयात' एवढ्याने भागते. मुलगा वयात येतो हे मुलगी वयात येते याइतकेच शुद्ध आहे. कायद्याने अठराव्या वर्षी येते ते सज्ञानपण. ते वेगळे, त्याच्याशी याची गल्लत होऊ देऊ नये.

जुने घरगुती शब्द पाहिले, तर ते मुलगे आणि मुली यांच्यात वाटून दिल्यासारखे दिसतात. मुलीला न्हाण येते, पदर येतो. मुलग्याला मिसरूड फुटते, त्याचा आवाज फुटतो. 'न्हाण' हा शब्द पाळीनंतरच्या विधिवत स्नानावरून आला. न्हाणी अजून गोव्यातल्या घरांत आहे, त्यामुळे आजच्या मुलीला 'न्हाण आले' याचा अर्थ अंघोळ असाच वाटण्याचा संभव अधिक. या शब्दांची खरी उणीव मात्र दुसरीच आहे: ते उशिरा दिसणाऱ्या खुणांची नावे आहेत. मुलींमध्ये बदलांची सुरुवात साधारणपणे आठ ते तेरा या वयात स्तनांच्या वाढीने होते आणि पाळी त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी येते. मुलग्यांमध्ये ती नऊ ते चौदा या वयात वृषणांच्या वाढीने होते, आणि आवाज फुटणे व मिसरूड हे नंतरचे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके हे काम मुकाट्याने कधीच सुरू करून चुकलेली असतात, आणि भाषेला मात्र ते मिशी दिसल्यावर कळते.

बाईंनी विचारलेले नाही, पण एका शब्दाविषयी सांगितलेच पाहिजे, तो म्हणजे 'स्वप्नदोष'. झोपेत वीर्य बाहेर येणे ही वयात येतानाची साधी, निरोगी घटना आहे; तिच्या नावातच दोष घातला की मुलगा तो स्वतःचा दोष समजतो, आणि अशा धास्तावलेल्या मुलांवर भिंतीवरच्या जाहिरातींतील वैद्यांचे दुकान चालते. 'स्खलन' आणि 'पतन' हेही घसरण्या-पडण्याचेच शब्द. त्यापेक्षा 'झोपेत वीर्य बाहेर येणे' असे सरळ म्हणावे. मुलींच्या बाबतीत 'विटाळ', 'अडचण', 'बाहेरची' हे शब्द तसेच वर्ज्य करून 'पाळी' म्हणावे, कारण त्यात केवळ ठरावीक काळाने पुन्हा येणे एवढाच अर्थ आहे, शिवाशिवीचा गंधही नाही. अवयवांसाठी स्तन, वृषण, शिश्न, योनी, गर्भाशय हे संस्कृत शब्द बिनदिक्कत वापरावेत. एरवी मला पुस्तकी शब्दांचे प्रेम नाही, पण इथे मुले फिदीफिदी हसण्याचे प्रमाण त्यांच्यामुळेच कमी होते.

धड्याला मथळा द्यायचा असेल, तर 'वयात आल्यावर' असा न देता 'वयात येताना' असा द्यावा. 'आल्यावर' म्हटले की सारे उरकून गेले असे वाटते आणि समोर बसलेली मुले तर त्याच्या अधेमधे कुठेतरी असतात. कोणी पुढे, कोणी अजून सुरुवातीलाही नाही. आणि फळ्यावर 'पौगंडावस्था' लिहिण्याची वेळ आलीच, तर अनुस्वार 'ग'वर द्यावा. 'पौंगडावस्था' हे रूप छापील मजकुरातही आढळते, पण ते चूक आहे.