वाचकांचे प्रश्न : कंबर दुखते, तर गादी कोणती घ्यावी?

प्रश्न : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे पती अंबडच्या एका कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करतात आणि गेल्या वर्षभरापासून सकाळी उठताना त्यांची कंबर धरते. आमची कापसाची गादी मध्यभागी खोलगट झाली आहे. दुकानात ‘ऑर्थोपेडिक’ गादीची किंमत वीस हजारांच्या पुढे सांगतात, तर सासूबाई म्हणतात की फळीवर चटई टाकून झोपावे. गादीसाठी आम्ही आठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. कोणती गादी घ्यावी? — एक वाचक, सिडको

उत्तर : सासूबाईंचा सल्ला आणि दुकानदाराची शिफारस या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे गादी जितकी कडक तितकी ती पाठीला चांगली. डॉक्टर मंडळीही पूर्वी असेच सांगत असत. मात्र २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली होती, आणि कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलेले नव्हते. ९० दिवसांनी पाहिले असता, मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना झोपल्यावर आणि उठताना होणारा त्रास अधिक कमी झाला होता. याचे कारण शरीराच्या ठेवणीत आहे. फळीवर कुशीवर झोपले की खांदा आणि नितंब आत रुतत नाहीत, कंबर आधाराविना अधांतरी राहते आणि तिचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. आपल्या सध्याच्या गादीसारख्या खोलगट गादीत याच्या उलट घडते, म्हणजे शरीराचा सर्वांत जड भाग, कमरेखालचा, खाली जातो आणि कणा वाकतो.

‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाला मात्र भुलू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्या शब्दावरून गादीत काय भरले आहे हे कळत नाही आणि दुखणे बरे होण्याची हमी तर मुळीच मिळत नाही. दुकानदाराला सरळ विचारावे की आत कोणते थर आहेत, प्रत्येक थर किती इंचाचा आहे आणि फोमची डेन्सिटी किती आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधील वजन. फोम कडक आहे की मऊ हे तिच्यावरून ठरत नाही, पण तो किती काळ आकार टिकवेल याचा अंदाज येतो. ७२ बाय ६० इंचांची, पाच इंच जाडीची सलग फोमची गादी ४० डेन्सिटीची असेल तर खोळ वगळून तिचे वजन सुमारे १४ किलो भरायला हवे, आणि ३२ डेन्सिटीची असेल तर ११ किलोंच्या आसपास. गादी काट्यावर ठेवायला सांगण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या रकमेत मला दोन प्रकार योग्य वाटतात. पहिला प्रकार म्हणजे रबर लावलेल्या काथ्याची, अर्थात कॉयरची गादी, जिच्या वर निदान एक इंच फोमचा थर आहे. दुसरा प्रकार म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेल्या रिबॉन्डेड फोमचा गाभा आणि त्यावर एक-दोन इंच मऊ फोम. नुसता कॉयर किंवा नुसता रिबॉन्डेड फोम बहुतेकांना फार कडक वाटतो. मेमरी फोमच्या, म्हणजे अंगाच्या उबेने व वजनाने दबून शरीराचा आकार घेणाऱ्या फोमच्या, जाड गादीचा आग्रह धरू नये, कारण तो उन्हाळ्यात अंगाला गरम वाटतो आणि थंडीत कडक होतो, आणि नाशिककरांच्या वाट्याला तर दोन्ही ऋतू चांगलेच येतात. लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम, उत्तम, पण आठ हजारांत चांगले मिळणे कठीण.

खरेदीला पतींना अवश्य सोबत न्यावे. त्यांनी गादीवर नेहमीच्या पद्धतीने किमान दहा मिनिटे पडून राहावे. ते उताणे असताना आपण त्यांच्या कमरेखाली हात घालून पाहावा : हात सहज आरपार जाऊन पोकळी उरत असेल तर गादी कडक आहे, आणि हात शिरतच नसेल तर ती फार मऊ आहे. मग त्यांना कुशीवर वळायला सांगून पाठीमागून मोबाइलवर एक फोटो काढावा. मानेपासून कमरेखालपर्यंत कणा साधारण एका रेषेत दिसला पाहिजे. वजनदार माणसाला जी गादी मध्यम वाटते तीच सडपातळ माणसाला कडक वाटते, म्हणून शेजाऱ्यांच्या अनुभवावर विसंबून राहू नये.

पैसे देण्यापूर्वी घरचा पलंग तपासावा. लोखंडी पलंगाच्या पट्ट्या वाकल्या असतील तर नवी गादीही काही महिन्यांत तशीच बसेल, आणि अशा वेळी गादीखाली जाड प्लायवूड टाकणे हाच पहिला खर्च असावा. पक्के बिल घ्यावे. खड्डा किती खोल पडल्यावर गादी बदलून मिळेल हे वॉरंटीच्या कागदावर वाचून घ्यावे.

गादी येईपर्यंत पतींनी उताणे झोपताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी, आणि उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. दिवसभर उभे राहण्याचा ताण गादीने जाणार नाही, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, दुखण्याने रात्री झोप मोडत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. पायातली ताकद कमी झाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : कापसाची जुनी गादी पिंजून घेतली तर चालेल का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : चालेल, आणि हात आखडता असेल तर अगदी निःशंकपणे तसे करावे. कापूस दबून त्याच्या गुठळ्या होतात, पिंजल्यावर तो पुन्हा फुलतो. गादी देताना आणि परत घेताना तिचे वजन करावे, म्हणजे कापूस कमी झाला नाही ना, हे कळते. कमरेच्या भागात थोडा नवा कापूस भरायला सांगावे आणि टाके जवळजवळ घालून घ्यावेत, कारण टाके लांब पडले की कापूस कडेला सरकतो आणि मध्ये पुन्हा खळगा होतो. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढू नये. ओल धरलेला कापूस लवकर दबतो. त्यानंतर आठवड्याला ऊन दाखवावे आणि तेव्हाच गादी उलटी करावी.