वाचक विचारतात : टॉर्कीला जायचंय, पण भाषणं कळतील का?

प्रश्न : ताई, सप्टेंबरात मी मुलीकडे इंग्लंडला जाणार आहे. टॉर्की या समुद्रकाठच्या गावात त्या महिन्यात रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीच्या नावानं साहित्य महोत्सव भरतो, असं ती सांगते. चाळीस वर्षं मी ख्रिस्तीबाई मराठी अनुवादातून वाचतोय. पण भरभर बोललेलं इंग्रजी मला समजत नाही. कार्यक्रमात नुसता बसून राहीन. जावं का?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, जरूर जा. महोत्सव दर वर्षी अगाथाच्या वाढदिवसाच्या, म्हणजे 15 सप्टेंबरच्या आसपास असतो. कार्यक्रमांची तिकिटं आधी काढावी लागतात, तेव्हा मुलीला तुमच्यासाठी एखादाच कार्यक्रम निवडायला सांगा आणि उरलेला सगळा वेळ गावाला द्या. अगाथा 1890 साली टॉर्कीतच जन्मली, तिथंच वाढली. गाव पायी बघायला इंग्रजी लागत नाही.

बंदराजवळ तिचा अर्धपुतळा आहे, 1990 साली जन्मशताब्दीला बसवलेला. त्याच वर्षी तिच्या कादंबऱ्यांमधल्या दोन गुप्तहेरांचं काम करणारे पडद्यावरचे पॉयरो आणि मिस मार्पल, म्हणजे डेव्हिड सूशे आणि जोन हिक्सन, टॉर्की स्टेशनच्या फलाटावर एकमेकांना भेटले होते. त्या भेटीचा फोटो पाहिला की मला आजही भरून येतं. पुतळ्यापाशी सगळेच थांबतात, तुम्हीही थांबा. पण तिथूनच माघारी फिरू नका. चढ चढून टाउन हॉलपर्यंत या.

मी चौतीस वर्षं रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीमागे काढली. म्हणून टॉर्कीत गेल्यावर मी सर्वांत जास्त वेळ त्या टाउन हॉलसमोर उभी राहिले. दिसायला ती पालिकेची दगडी इमारत. पहिल्या महायुद्धात तिथं रेडक्रॉसचं रुग्णालय होतं. 1914 सालच्या ऑक्टोबरपासून अगाथा तिथं स्वयंसेवक परिचारिका होती. दोन वर्षांत 3,400 तास बिनपगारी काम तिच्या नावावर नोंदलेलं आहे. नंतर ती औषध विभागात आली, तेव्हा वर्षाला 16 पौंड पगार सुरू झाला. 1917 साली ती औषधं बनवण्याची परीक्षाही पास झाली. तेव्हाची औषधं पाकिटातून येत नसत. खलात घोटायची, तोलायची, बाटलीत भरून चिठ्ठी चिकटवायची. काम कधी अंगावर येई, तर कधी तासन्‌तास रिकामे जात, आणि चारी बाजूंना विषांच्या बरण्या. पहिली कादंबरी तिनं याच दिवसांत लिहिली. आपला बेल्जियन पॉयरोही इथलाच. युद्धामुळे बेल्जियमचे निर्वासित टॉर्कीत येऊन राहिले होते, त्यांना पाहून तो तिला सुचला.

तिच्या आत्मचरित्रातली एक गोष्ट सांगते. ती गावातल्या एका औषधाच्या दुकानात काम शिकायला जात असे. एकदा तिथल्या अनुभवी औषधवाल्यानं सपॉझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधाच्या वड्या, करताना दशांशचिन्ह चुकवलं. औषध दहापट पडलं. ही शिकाऊ मुलगी, त्याला तोंडावर ‘चुकलात’ म्हणणार कशी? तिनं ठेचकाळल्यासारखं करून तो सगळा पाट खाली पाडला आणि वड्यांवर चांगला घट्ट पाय दिला. मग माफी मागितली. सर, ही पानं मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला वाचून दाखवली आहेत. रुग्ण वाचला, माणसाचा मानही राहिला. तिच्या कादंबऱ्यांमधला बारकावा, म्हणजे कोणती बाटली कुणी हलवली आणि कोणता डोस शेवटचा, हा कल्पनेतून आलेला नाही. पहिली कादंबरी 1920 साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये निघाली. तिच्यातलं विषाचं ज्ञान अचूक आहे, अशी दाद औषधशास्त्राच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’नं दिली होती. तिला त्या अभिप्रायाचा फार अभिमान होता. मला ते पूर्ण समजतं.

एवढं मनात ठेवून पाच मिनिटं त्या इमारतीसमोर उभे राहा. भाषण नाही कळलं तरी चालेल.

प्रश्न : ख्रिस्तीचं जन्मघर पाडलं असं वाचलं. मग तिथं बघण्यासारखं उरलं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ॲशफील्ड हे घर 1960च्या दशकात पडलं, हे खरं. ते वाचवण्यासाठी तिनं स्वतः धडपड केली होती, पण उशीर झाला होता. तिथं आता फक्त आठवणीची पाटी आहे. माझं मत विचाराल तर तिथली पायपीट वाचवा आणि ग्रीनवेला जा.

ग्रीनवे हे डार्ट नदीवरचं तिचं सुटीचं घर, 1938 साली 6,000 पौंडांना घेतलेलं. आता ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि 2009पासून आतून बघता येतं. दुसऱ्या महायुद्धात घर सरकारजमा झालं, तिथं अमेरिकन तटरक्षक दलाचे अधिकारी राहिले. त्यांच्यातल्या एकानं ग्रंथालयाच्या भिंतीवर वरच्या पट्टीत आपल्या तुकडीच्या युद्धप्रवासाची चित्रं काढली. घर परत देताना ती पुसून देण्याची तयारी दाखवण्यात आली. बाई नको म्हणाल्या. ती चित्रं आजही तिथं आहेत. बैठकीच्या खोलीत अगाथा नव्या कादंबरीचं हस्तलिखित घरच्यांना वाचून दाखवत असे आणि खुनी कोण ते त्यांना ओळखायला लावत असे. खाली नदीकाठी होड्यांचं घर आहे, तेही चुकवू नका.

पेंटनहून वाफेच्या इंजिनाची गाडी मिळते. ग्रीनवे हॉल्ट या छोट्या थांब्यावर उतरून रानातून साधारण अर्धा तास चाल आहे आणि वाटेत चढ आहे. गुडघे दुखत असतील तर डार्टमथहून होडीनं जा.

प्रश्न : खुनांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईचा गावानं एवढा उत्सव करावा, हे मला पटत नाही. त्यातून कुणाचं भलं होतं?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : एका बाळाचं झालं. 1977 साली कतारमधून लंडनच्या रुग्णालयात एकोणीस महिन्यांची मुलगी आणली होती. आजाराचं निदान होत नव्हतं. तिथली एक परिचारिका नेमकी ख्रिस्तीची 1961 सालची एक कादंबरी वाचत होती. तिला त्यातली लक्षणं आठवली, केस गळण्यासकट. तिनं डॉक्टरांना थॅलियमच्या विषबाधेची तपासणी सुचवली आणि तेच निघालं. मुलगी वाचली. कादंबरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांचा रहस्यभंग व्हायला नको.

प्रश्न : टॉर्कीच्या टॉर ॲबी या जुन्या मठाच्या वास्तूत विषारी झाडांची बाग आहे म्हणतात. आम्ही आठ वर्षांच्या नातीला घेऊन जाणार आहोत. मुलांना असलं दाखवावं का?
– आजी-आजोबा, कोल्हापूर

उत्तर : अवश्य दाखवा. ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांमध्ये आलेल्या विषांची आणि औषधांची झाडं तिथं लावली आहेत. नातीला आधी एरंड दाखवा. पोट साफ करणारं तेल ज्या बीमधून निघतं, त्याच बीमध्ये रायसिन हे भयंकर विष असतं. तेल काढताना ते चोथ्यात राहतं. मग डिजिटॅलिस दाखवा, उंच दांड्याला घंटेसारखी फुलं येतात ते. त्याच कुळातल्या रोपापासून हृदयरोग्यांचं डिगॉक्सिन मिळतं, आणि त्याचा डोस आजही आम्ही दोनदा तपासून देतो. आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात ते असेल, तर ती पट्टी नातीला तिथंच काढून दाखवा. तिच्या कायमची लक्षात राहील.

बाग उघडी असण्याचे दिवस निघण्यापूर्वी बघून घ्या. आणि नातीचा हात धरून ठेवा. निळ्या टोपीसारखी फुलं दिसली तर तो बचनाग असू शकतो, त्याचं विष कातडीतूनही आत जातं. बागेतून बाहेर पडल्यावर, काही खाण्याआधी, दोघांनीही साबणानं हात धुवा आणि तिचेही धुऊन घ्या.