त्रिकोणातला आकडा

प्रश्न : ताई, त्रिकोणी बाणांची खूण असलेली पाकिटं, डबे, बाटल्या मी साबणाने धुते, वाळवते, झाकणं काढते आणि पिशवीत बांधून रिसायकलिंगला देते. धाकटा भाऊ हसतो. म्हणतो, "यातलं बरंचसं जळायलाच जातं." माझी मेहनत फुकट जाते का?

उत्तर : सगळी नाही, पण साबण मात्र नक्की फुकट जातो. अठरा वर्षं मी कचरा वर्गीकरणाच्या सरकत्या पट्ट्याशी उभी होते, म्हणून सांगते. आतलं खरकटं पाण्याने विसळलंत की पुरे. पुढे कारखान्यात सगळं पुन्हा धुतातच.

झाकणं काढू नका. सुटी झाकणं चाळणीतून खाली पडतात आणि कचऱ्यात जातात. बाटली असते 'पेट' नावाच्या प्लॅस्टिकची, झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या दुसऱ्या जातींच्या प्लॅस्टिकचं. दोन्हींचा चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडला की पेट तळाला बसतं, झाकणाचा चुरा वर तरंगतो. पहिल्यांदा ती टाकी पाहिली, त्या दिवशी मी जेवायची सुट्टी विसरले होते!

आता त्रिकोण. त्यातले १ ते ७ आकडे अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली आणले. आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. त्या वस्तूचं पुढे काही होईल, अशी हमी देत नाही. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन. ७ म्हणजे 'इतर'. त्याला आम्ही 'बाराभाई' म्हणायचो.

खाऊची चकचकीत पाकिटं याच बाराभाईतली. वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे पापुद्रे आणि त्यांच्यात ॲल्युमिनियमचा मुलामा, सगळं एकमेकांना घट्ट चिकटवलेलं. ते सोडवत बसणं परवडत नाही, म्हणून त्यातली पुष्कळशी सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जागी जातात. कागदोपत्री याला 'ऊर्जा मिळवणे' म्हणतात. खोटं नाही ते, पण पाकिटाचं पुन्हा पाकीट होत नाही. इथे तुमचा भाऊ बरोबर आहे.

काळ्या डब्यांचंही तसंच. त्यांच्या रंगातली काजळी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण गिळते, त्यामुळे त्या किरणांनी प्लॅस्टिक ओळखून निवडणाऱ्या यंत्राला डबा दिसतच नाही. ॲल्युमिनियमचा कॅन मात्र कधी कचऱ्यात टाकू नका. खनिजापासून नवा धातू काढण्यापेक्षा जुना वितळवण्यात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

आणि हो, पिशवीला गाठ मारू नका. पट्ट्यावर गाठी सोडायला कुणाला उसंत नसते. तुमच्या धुतलेल्या बाटल्यांसकट आख्खी पिशवी बाजूला फेकली जाते. मीच कितीतरी फेकल्यात.