दफ्तरखान्यावर नवीन आलायस ना, मग हे वाच

हे बघ भावा, आपल्या गुप्तहेर खात्यात फायली राखायच्या म्हणजे रात्री भिंतीवरून कोणी उडी मारेल याची वाट बघत बसायचं नसतं, निम्मी नोकरी रत्नागिरीच्या दमट हवेशी भांडण्यात जाते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदाला बुरशी धरते, आणि पावसाळ्यात इथे ती खाली येतेय कसली! म्हणून डिह्युमिडिफायर बंद करायचा नाही, लाईट गेली की आधी जनरेटर, मग चहा. रॅक भिंतीला टेकवू नको, जांभ्याची भिंत पाणी पिते आणि वाळवी पण तिथूनच चढते, मातीची बारीक नळी दिसली की लगेच कळव. टाचण्या-स्टेपल काढून सुती फीत बांध, गंज कागद खातो. भिजलेली फाईल उन्हात घातलीस तर शाई उडेल, पंख्याखाली पसर, तेही ४८ तासांच्या आत.

मोबाईल बाहेरच. दफ्तरखाना लपवायला बाहेर बोर्ड आंबापेट्यांच्या गोडाऊनचा लावलाय, तेव्हा मे महिन्यात गिऱ्हाईक येणारच, डझनाचा भाव वेगळा, पेटीचा वेगळा, दोन्ही पाठ पाहिजेत. आणि डांबरगोळ्यांचा वास अंगाला बसतो, शेजारच्या काकू लगेच विचारतात, म्हणून शर्ट आतच बदलून निघ.