वाचकांचे प्रश्न : मिसुरीचा बांध कोणी कोरला?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कॉलेज रोडजवळच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. अमेरिकेच्या इतिहासात १८२० ची मिसुरी तडजोड, १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा हे सगळं पाठ होतं पण डोक्यात बसत नाही. त्यात आमचा वाद झाला. मित्र म्हणतो की या तडजोडींमुळे चाळीस वर्षं यादवी युद्ध टळलं, म्हणजे त्या चांगल्याच होत्या. मला पटत नाही पण त्याला उत्तरही देता येत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचा मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये, युद्ध लांबलं हे खरंच आहे. पण लांबलेली ती वर्षं कोणी भोगली हे त्याला विचारा, मग बोला पुढे.

पाठांतर सोडा आणि आधी सिनेटच्या, म्हणजे अमेरिकेच्या वरच्या सभागृहाच्या, खुर्च्या मोजा, कारण सगळं भांडण तिथलं आहे. राज्य मोठं असो की छोटं, सिनेटमध्ये प्रत्येकाला दोनच जागा. १८१९ संपता संपता अलाबामा आलं आणि ११ राज्यं गुलामीची, ११ गुलामी नसलेली अशी बरोबरी झाली. खालच्या सभागृहात जागा लोकसंख्येवर, तिथे गुलामी नसलेली उत्तरेकडची राज्यं पुढे होती, आणि तीही दक्षिणेला पाच गुलाम म्हणजे तीन माणसं अशी मोजणी राज्यघटनेनं दिलेली असताना! म्हणजे ज्यांना मत नाही, ज्यांचा बाजार भरतो, त्यांचीच डोकी मोजून त्यांच्या मालकांना जास्तीच्या जागा. हे वाचताना मला दर वेळी राग येतो आणि तो यायलाच हवा असं मला वाटतं. तर खालचं सभागृह हातातून निसटत चाललेलं, म्हणून दक्षिणेचा सगळा जीव सिनेटमध्ये.

अशात मिसुरीनं राज्य म्हणून प्रवेश मागितला. तिथे तेव्हा साधारण १० हजार लोक गुलामीत होते. न्यूयॉर्कचे जेम्स टालमॅज यांनी फेब्रुवारी १८१९ मध्ये सूचना मांडली की मिसुरीत नवीन गुलाम आणायचे नाहीत, आणि राज्य झाल्यानंतर जन्मलेली गुलामांची मुलं २५ वर्षांची झाली की मोकळी. किती मवाळ सूचना बघा, आज गुलाम आहे तो गुलामच राहणार होता, तरी खालच्या सभागृहानं मंजूर केलेली ही सूचना सिनेटनं पाडली. मग १८२० मध्ये तोडगा निघाला, खालच्या सभागृहाचे सभापती हेन्री क्ले यांनी तो तडीस नेला. मॅसॅच्युसेट्समधून मेन वेगळं काढून गुलामीशिवायचं राज्य, मिसुरी गुलामीचं, आणि १८०३ मध्ये फ्रान्सकडून घेतलेल्या लुइझियानाच्या बाकी जमिनीत ३६ अंश ३० मिनिटांची रेषा, तिच्या उत्तरेला गुलामी बंद. नकाशा उघडून बघाच, ही रेषा म्हणजे मिसुरीची दक्षिण सीमा, म्हणजे मिसुरी जवळजवळ पूर्ण तिच्या वर आहे. बांध घातला त्याच दिवशी एका वाटेकऱ्याला बांधापलीकडचा तुकडा दिला असं झालं ते.

आपल्याकडे गावात दोन भावांच्या वाटण्या होतात तेव्हा बांधावर मारामारी होते, पण वाटणीत बैल कोणाकडे जाणार हे बैलाला कोणी विचारत नाही. मिसुरीत तेच झालं, फरक एवढाच की इथे बैलाच्या जागी माणसं होती, आणि त्यातलं एकही माणूस वाटाघाटीला बसलेलं नव्हतं.

आता तुमच्या मित्रासाठी खरा आकडा. १८२० मध्ये अमेरिकेत गुलामीत असलेले लोक सुमारे १५ लाख. १८६० मध्ये ३९ लाखांच्या वर. बांध घातला म्हणून गुलामी आटली नाही, रेषेच्या खाली कापसाच्या जोरावर ती फोफावली. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसं विकत घेऊन अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाच्या नव्या कापूसमळ्यांवर नेली जायची, साखळीत बांधून पायी नाहीतर बोटीतून, आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे. १७९० ते १८६० या काळात असे सुमारे १० लाख लोक हलवले गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तडजोडीनं युद्ध टाळलं म्हणतो तो, तर या १० लाख लोकांच्या घरात काय चाललं होतं ते पण त्याला सांगा.

१८५० कडे थोडं पटकन जाते. मेक्सिकोशी युद्ध होऊन १८४८ मध्ये प्रचंड जमीन हाती आली आणि जुनी रेषा तिथपर्यंत पोचतच नव्हती. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, लोकांची झुंबड उडाली, त्यांनी आपली राज्यघटना गुलामीशिवायची केली. क्ले यांनी सगळं एकाच गाठोड्यात बांधून मांडलं ते पडलं, मग इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांनी गाठोडं सोडून एकेक कायदा वेगळा पास करून घेतला. कॅलिफोर्निया गुलामीशिवाय, युटा आणि न्यू मेक्सिकोत तिथल्या लोकांनी ठरवायचं, टेक्साससोबतचा सीमेचा वाद पैसे देऊन मिटवला, राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामांचा बाजार बंद.

आणि याच्या बदल्यात दक्षिणेला मिळाला पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा कडक कायदा. १८५० मधलं बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नव्हती, ज्युरी नाही. निर्णय एक कमिशनर देणार, त्यानं माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर त्याची फी १० डॉलर आणि सोडून दिला तर ५. कारण काय तर कागदपत्रं जास्त करावी लागतात! पळून आलेल्याला लपवलं तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि वर तुरुंग. उत्तरेतल्या ज्या साध्या माणसांना आजवर हा प्रश्न लांबचा वाटत होता त्यांच्या गल्लीत तो आला, शेजारी राहणारा न्हावी किंवा हमाल डोळ्यांदेखत बेड्या घालून नेताना त्यांनी पाहिला, आणि तिथून त्यांचं मन फिरायला लागलं.

प्रश्न : मॅडम, कॅन्ससमध्ये 'तिथल्या जनतेनं ठरवावं' असं ठरलं होतं ना? मग ती तर लोकशाहीच झाली, त्यात वाईट काय? (एक वाचिका, सिन्नर)

उत्तर : ताई, ऐकायला गोड वाटतं खरं. पण जनता कोण? ज्याला गुलाम करायचं की नाही हे ठरणार होतं त्यालाच मत नव्हतं. दुसऱ्या माणसाची मालकी हा मतदानाला टाकायचा विषयच नाही, माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

झालं काय, तर डग्लस यांना पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती, त्यासाठी रेषेच्या उत्तरेची कॅन्सस-नेब्रास्काची जमीन लवकर मार्गी लावायची होती आणि दक्षिणेची मतं हवी होती. म्हणून १८५४ च्या कायद्यात ३६ अंश ३० मिनिटांची रेषाच रद्द केली. इतके दिवस बांध कोरणं चालू होतं, आता उखडूनच टाकला. मार्च १८५५ मध्ये कॅन्ससमध्ये निवडणूक झाली, मतदार तीन हजारही नव्हते आणि मतं पडली सहा हजारांच्या वर, कारण शेजारच्या मिसुरीतून टोळ्या बंदुका घेऊन आल्या, मतं टाकली आणि परत गेल्या. पुढच्या वर्षी लॉरेन्स गाव लुटलं, खून पडले, कॅन्ससला 'रक्तबंबाळ कॅन्सस' नाव पडलं. याच कायद्याच्या विरोधातून १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलाम माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ती रेषा घालायचा अधिकारच काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नव्हता. तीन वर्षांपूर्वी रद्द झालेल्या तडजोडीला कोर्टानं मुळातच बेकायदा ठरवलं, आणि काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही हेही त्याच निकालात. डिसेंबर १८६० मध्ये केंटकीचे सिनेटर क्रिटेंडेन यांनी तीच जुनी रेषा पार पॅसिफिकपर्यंत ओढायची सूचना आणली. नुकतेच अध्यक्ष म्हणून निवडून आलेले लिंकन नवीन प्रदेशात गुलामी पसरू द्यायला तयार झाले नाहीत, आणि माझ्या मते तिथे त्यांनी बरोबर केलं. कॅन्सस जानेवारी १८६१ मध्ये गुलामीशिवायचं राज्य म्हणून आलं, तोवर दक्षिणेतली राज्यं फुटून निघायला लागलीही होती.

प्रश्न : जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, मग ते या तडजोडवाल्यांचंही कौतुक झालं का? आणि आमच्या पंचवटीतल्या काळाराम सत्याग्रहाशी याची तुलना होईल का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : नाही, तडजोडवाल्यांचं नाही. पुस्तक १८७३ चं, गुलामी घटनेनंच बंद केली १८६५ मध्ये. जोतीरावांनी ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्यांना, आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा म्हणून.

काळारामबद्दल विचारलंत ते बरं केलंत. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, आणि रामनवमीला रथ स्पृश्य-अस्पृश्य दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असा समेट झाला होता. ऐनवेळी रथ पुढे पळवला गेला, दगडफेक झाली, बाबासाहेब स्वतः तिथे होते. समेट मोडला हे सारखं. पण इथे ज्यांचा प्रश्न होता तेच समेटाला समोर बसले होते, आपली अट त्यांनी स्वतः मांडली होती, आणि ती मोडली तेव्हा कोणी मोडली हे सांगायलाही तेच होते, आणि सत्याग्रह त्यांनी पुढे काही वर्षं चालू ठेवला. मिसुरीतल्या त्या १० हजार लोकांना यातलं काहीही मिळालं नव्हतं.

गुलामीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राउनबद्दल दोघांनी विचारलंय, ते पुढच्या अंकात घेते.