महिलांवरची हिंसा संपवण्यासाठी एखादा देश खरोखर काही करतोय का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की या बाबतीत स्पेनचं कौतुक सगळीकडे ऐकू येतं, पण तिथल्या तक्रारी तर वाढतच चालल्या आहेत, मग कौतुक कशाचं? मी स्पॅनिशमधून भाषांतरं करते. त्यात या विषयाचे निकाल आणि अहवाल बरेच हाताखालून गेलेत, म्हणून स्पेनवरूनच उत्तर देते.

आधी तक्रारींचा आकडा बाजूला ठेवू या, कारण सगळ्यात जास्त फसवतो तोच. स्पेनमध्ये 2007 साली सव्वा लाखाच्या आसपास तक्रारी झाल्या होत्या, 2023 मध्ये जवळजवळ 2 लाख. पण जोडीदाराने किंवा माजी जोडीदाराने केलेले खून 2008 मध्ये 76 होते, ते अलीकडे वर्षाला 50 च्या आगेमागे आहेत. हात उगारणारे वाढले असं म्हणण्यापेक्षा तोंड उघडणाऱ्या वाढल्या असं म्हणायला इथे जास्त आधार आहे. तक्रारी कमी असलेला देश एक तर फार चांगला असतो, नाहीतर तिथल्या बायकांना पोलीस चौकीची पायरी चढण्यात काही अर्थ वाटत नसतो.

देशादेशांची तुलनाही अशीच घसरते. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 28 देशांतल्या 42,000 बायकांशी बोलून 2014 मध्ये आकडे काढले. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगलेल्या बायका डेन्मार्कमध्ये 52 टक्के, पोलंडमध्ये 19. स्पेन 22. यावरून पोलंड सगळ्यात सुरक्षित ठरवायचं का? कशाला हिंसा म्हणायचं आणि घरी आलेल्या परक्या माणसासमोर ते सांगायचं की नाही, हे प्रत्येक समाजात वेगळं असतं. (फरक खराच आहे असं मानणारे अभ्यासकही आहेत. तो वाद अजून मिटलेला नाही.)

मग मी काय बघते? जी बाई यंत्रणेच्या दारात येऊन गेली होती आणि तरीही वाचली नाही, तिच्याबद्दल तो देश काय लिहून ठेवतो आणि पुढे काय बदलतो, एवढंच.

स्पेनमध्ये अशा बाईचं नाव आना ओरान्तेस. डिसेंबर 1997 मध्ये तिने टीव्हीवर येऊन नवऱ्याच्या चाळीस वर्षांच्या मारहाणीची कहाणी सांगितली. घटस्फोट झालेला होता, पण न्यायालयाने घर दोघांत वाटून दिलं होतं, त्यामुळे एक वर, एक खाली असे दोघे एकाच इमारतीत राहत होते. कार्यक्रमानंतर दोन आठवडेही झाले नाहीत तोच त्याने तिला जिवंत जाळलं. देश हादरला, आणि 2004 च्या डिसेंबरमध्ये सर्वंकष कायदा झाला, तिथल्या लोकप्रतिनिधी सभागृहात एकमताने. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती तरतूद फारशी बोलली जात नाही. या कायद्याने खास न्यायालयं आणली, आणि मारहाणीचा खटला ज्या न्यायाधीशापुढे, त्याच्याचपुढे घटस्फोट आणि मुलांचा ताबाही ठेवला. म्हणजे घराची वाटणी करणाऱ्याला त्या घरात काय चालत होतं ते माहीत असणार. आनाच्या बाबतीत नेमकं तेच झालं नव्हतं.

बाकीची साधनंही आहेत. 016 हा मदतीचा क्रमांक 2007 पासून आहे. तो टेलिफोनच्या बिलावर उमटत नाही. मोबाइलच्या यादीतून मात्र बाईने स्वतः पुसायचा, हेही सरकार जाहिरातीत सांगतं. असा तपशील दिसला की मला वाटतं, हे ठरवणाऱ्याने नवऱ्याच्या धाकात राहणाऱ्या बाईचं नीट ऐकून घेतलेलं आहे.

आणि मोजणी. 2003 पासून अशा प्रत्येक खुनाची सरकारी नोंद आहे, आणि त्या तक्त्यात एक रकाना आहे: तिने आधी तक्रार केली होती का? ढोबळमानाने चौथ्या हिश्श्याच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असं येतं. हा रकाना सरकारच्या अंगावर येतो, तरी तो दरवर्षी छापला जातो. प्रयत्न तपासायचा तर मी आधी हाच रकाना शोधते, आणि तो सगळीकडे सापडत नाही.

आता दुसरी बाजू. आनखेला गोन्सालेस कार्रेन्यो हिने नवऱ्याविरुद्ध तीसहून जास्त तक्रारी केल्या होत्या. तरी न्यायालयाने त्याला मुलीला देखरेखीशिवाय भेटायची मुभा दिली. 2003 मध्ये अशाच एका भेटीत त्याने सात वर्षांच्या आंद्रेयाला मारलं आणि स्वतःलाही संपवलं. देशातली न्यायालयं आईची भरपाईची मागणी फेटाळत राहिली. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीने (महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार देश पाळतात का, हे बघणारी समिती) स्पेनला दोषी धरलं, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 लाख युरो भरपाई द्यायला लावली. पंधरा वर्षं! मधल्या काळात, 2013 पासून, अशा प्रकारात मारल्या गेलेल्या मुलांचीही गणती सुरू झाली.

धोका मोजणारी ‘व्हिओखेन’ नावाची संगणकीय पद्धत 2007 पासून पोलीस वापरतात. ठरलेले प्रश्न विचारायचे, त्यावरून पातळी ठरते, पातळीवरून संरक्षण. ‘कमी धोका’ असा शेरा मिळालेल्या काही बायकांचे खून झालेत. पोलिसाला ती पातळी स्वतःहून वाढवता येते, पण पडद्यावर उत्तर तयार असलं की माणूस ते क्वचितच खोडतो.

2022 चा लैंगिक संबंधातल्या संमतीचा कायदा तर हेतू चांगला आणि बांधणी कच्ची, याचा नमुना. लैंगिक गुन्ह्यांच्या किमान शिक्षा खाली आल्या आणि हजारावर गुन्हेगारांच्या शिक्षा कमी झाल्या. एप्रिल 2023 मध्ये दुरुस्ती करावी लागली, पंतप्रधानांनी पीडितांची माफी मागितली.

शिवाय 2004 चा कायदा फक्त जोडीदारापुरता. बाप, भाऊ, वरिष्ठ, अनोळखी माणूस हे त्यात येत नव्हते. युरोप परिषदेच्या तज्ज्ञगटाने 2020 मध्ये यावरच बोट ठेवलं. जोडीदाराबाहेरचे खून वेगळे मोजायला 2022 पासून सुरुवात झाली.

तेव्हा माझं मत: कौतुक योग्य, पण ते हिशेब उघडा ठेवल्याबद्दल.

दुसरा कुठला देश तपासायचा असेल तर त्याचा सीडॉ समितीला दिलेला अहवाल आधी वाचू नका, तो कुठल्याही देशाचा छानच असतो. आधी समितीने त्या देशाला पाठवलेली प्रश्नांची यादी वाचा, मग महिला संघटनांनी दिलेले पर्यायी अहवाल, आणि मग सरकारची उत्तरं. कोणता प्रश्न गुळमुळीत उत्तर देऊन टाळलाय, ते अर्ध्या तासात समजतं.