पाटल्या मोडू नका

प्रश्न : मॅडम, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप 1 डायबेटिस आहे. दिवसाला चार इंजेक्शनं. एका क्लिनिकमध्ये सांगितलं, पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल काढून टोचल्या की इन्सुलिन कायमचं सुटेल. खर्च सहा लाख, म्हणून पाटल्या मोडायचं चाललंय. अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांनी स्वतःच्या मुलांपायी असल्या पेशी बनवल्या म्हणे, खरं का? आणि मुलगा विचारतो, बीटा पेशी दिसतात कशा? — एक आई, सातारा

उत्तर : ताई, पाटल्या आधी कपाटात ठेवा. डायबेटिसवर स्टेम सेल हा आपल्याकडे मान्य उपचार नाही. फार तर चाचणी असेल, तर मग तिची सीटीआरआयमध्ये, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद दाखवा म्हणावं. आणि चाचणीत पेशंटकडून सहा लाख घेत नाहीत.

प्राध्यापकांची गोष्ट मात्र खरी आहे. तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात असलेले डग्लस मेल्टन. हे मूळचे बेडकांच्या भ्रूणावर काम करणारे. 1991 मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला, सॅमला, टाइप 1 निघाला आणि बेडूक मागे पडले. पुढे मुलगी एमा, तिलाही चौदाव्या वर्षी तेच. भ्रूणाच्या मूळपेशींना (म्हणजेच स्टेम सेलना) टप्प्याटप्प्याने वळवत, साखर दिली की इन्सुलिन सोडणाऱ्या बीटा पेशी त्यांच्या गटाने 2014 मध्ये बनवून दाखवल्या. यात पंधराएक वर्षं गेली.

मधलं एक प्रकरण सहसा कुणी सांगत नाही. 2013 मध्ये त्यांच्याच गटाने बीटाट्रॉफिन नावाचं हार्मोन जाहीर केलं. त्याने उंदरांच्या बीटा पेशी झपाट्याने वाढतात, असा दावा होता. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी सगळ्यांचे चहा गार झाले. पण इतरांना तसं दिसेना. मेल्टन यांनीही प्रयोग पुन्हा केले, आणि 2016 मध्ये शोधनिबंध मागे घेतला. मला त्यांच्या 2014 च्या यशापेक्षा ही माघार मोठी वाटते. मी स्वतः एकदा एक सुंदर आलेख दोन वर्षं कवटाळून बसले होते. दोष उंदरांत नव्हता, माझ्या मोजणीत होता.

आता तुमच्या कामाचं. त्याच वाटेने बनलेल्या पेशींच्या चाचणीचे निकाल 2025 मध्ये आले. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून पेशी दिल्या, पूर्ण डोस सुमारे 80 कोटी पेशींचा. पूर्ण डोस मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. वाचताना माझा चष्मा ओला झाला, खोटं कशाला बोलू! पण हे सगळे मोठी माणसं होते, साखर अचानक धोकादायक उतरणारे. शिवाय नव्या पेशी शरीराने मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच. चाचणीतल्या एकाचा मेंदूज्वराच्या संसर्गाने मृत्यू झाला. नऊ वर्षांच्या मुलासाठी इन्सुलिनच्या जागी हा धोका? मी तरी घेणार नाही. पेशी बनवणं जमलंय, त्यांची राखण अजून जमलेली नाही. आणि चरबीतल्या पेशी टोचून तर यातलं काहीच होत नाही. कुणीही सांगितलं तरी एकही डोस चुकवू नका.

आता साहेबांचा प्रश्न. बाळा, बीटा पेशी एकेकट्या राहत नाहीत, स्वादुपिंडात त्यांची बेटं, म्हणजे पुंजके, असतात. बर्लिनच्या लांगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याला ती 1869 मध्ये दिसली, तेव्हा तो 21 वर्षांचा होता आणि ती काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. उंदराचं स्वादुपिंड आम्ही कोलॅजिनेज (पेशींना जोडून ठेवणारे धागे विरघळवणारं विकर) घालून 37 अंशावर ठेवायचो. मिनिटभर जास्त झालं की बेटंही विरघळायची आणि दिवस वाया. उरलेल्या चोथ्यात खसखशीहून बारीक, फिकट ठिपके. त्यात डायथायझोन हे रंगद्रव्य टाकलं की ते लालभडक होतात, कारण इन्सुलिनबरोबर तिथे जस्त साठलेलं असतं. मग डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून एकेक बेट पिपेटने वेचायचं, तांदूळ निवडतात तसं. एका उंदरामागे शे-दीडशे. तुझ्याही पोटात ती बेटं आहेत हं. बहुतेक बीटा पेशी गेल्या, पण साखर वाढवणाऱ्या अल्फा पेशी अजून तिथेच आहेत.